उभ्याची मीटिंग

ॲपच्या प्रोजेक्टवर सगळे तिच्या मुलाच्या वयाचे. रोज सकाळची मीटिंग उभ्यानेच व्हायची. गुडघ्यांतली कळ पार मस्तकात जायची. पण नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. आणि इथे वय झालेलं माणूस थकलेलं दिसलं की एचआरचं बोलावणं यायचं, मग ते पुन्हा जागेवर दिसायचं नाही.

"काकू, पाय लटपटतायत तुमचे! टीम लीडला सांगून खुर्च्या मागवू?" शेजारी उभी असलेली पोरगी कळवळली.

"गप गं, भवाने! तुझ्यासारख्या चौघींना दमवीन अजून."

सोमवारी खोलीत खरंच खुर्च्या मांडलेल्या होत्या. देव पावला, असं पुटपुटत ती टेकायला गेली.



"काकू, तुम्ही नका बसू," लीड लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "तुम्हाला एचआरने बोलावलंय."