बाबांचा पहिला शॉट

कॉलेजसाठी मुलगा थरारपट करत होता आणि पहिल्याच शॉटमध्ये जिन्याच्या वरच्या तोंडाशी हात पसरून पडलेलं प्रेत हवं होतं. प्रेत होणारा मित्र ऐनवेळी उगवलाच नाही, म्हणून बाबा आडवे झाले. मुलाने इंजिनिअरिंग सोडून सिनेमाच्या कॉलेजात नाव घातल्यापासून दोघांत बोलणं जेमतेमच होतं. "मेल्यावर तरी सल्ले देऊ नका हो," आई म्हणाली. खिडकीतलं ऊन उतरत चाललं होतं. एकच शॉट मिळणार होता. डोळा कॅमेऱ्याला लावून मुलगा बुटांपासून चेहऱ्याकडे उलट पावलांनी सरकू लागला. बाबांच्या उघड्या डोळ्यांची पापणीही लवेना. अचानक प्रेताच्या हाताने मुलाचा घोटा गच्च धरला. शॉट गेला. "बाबा!" तो खेकसला आणि पाहतो तर टाच जिन्यावर अधांतरी. "बिघडवलं ना मी?" बाबा पडल्यापडल्याच म्हणाले. "परत घे, आता हलणार नाही." "बाबा, पाय सोडा." "आधी पुढे सरक."