मागची काच

"आज नहीं होगा, दादा. आज विश्वकर्मा पूजो है. आज हम लोग पाने को हाथ भी नहीं लगाएगा," मिस्त्री म्हणाला आणि त्याने मुकुंदरावांच्या हातात खिचडीचा द्रोण ठेवला.

मुकुंदरावांनी कपाळाला हात लावला. चाळीसेक वर्षं कोलकात्यात काढलेला माणूस, पण कायमचं नागपूरला निघायचा दिवस ठरवताना डोक्यात तिकडच्या घरचा गणपती बसलेला. तिथे विश्वकर्मा कुठून शिरणार! खिदिरपूरच्या त्या गॅरेजमध्ये पाने, जॅक, हातोडे हारांखाली ओळीने मांडून ठेवले होते. लाउडस्पीकर कानठळ्या बसवत होता. आणि दारात कॅराव्हॅन उभी होती, पाठीवर स्टेपनी घेऊन.

सगळा घोळ त्या स्टेपनीचा होता. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांच्या बायकोला, नलिनीताईंना, फार वेळ बसवत नव्हतं. ॲम्ब्युलन्समधून जायला त्या तयार नव्हत्या. "जिवंत आहे मी अजून," म्हणाल्या. म्हणून मुलाने, सिद्धेशने, नागपूरहून आपली कॅराव्हॅन पाठवली होती आणि सोबत सुरेश हा ड्रायव्हर. आत लांबलचक बिछाना, पंखा, चहाची शेगडी, सगळं होतं. खुर्चीवरून खाली आणून नलिनीताईंना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली. निजल्यावर समोर काय दिसणार? समोर मागच्या दाराची काच होती, आणि काचेवर बाहेरून ठोकलेलं ते भलंमोठं काळं चाक.

"ते चाक तेवढं तिथून हलवा," त्या म्हणाल्या.

"गाडीखाली पाण्याची टाकी आहे न काका," सुरेशने डोकं खाजवलं. "टपावरच न्यावं लागते."

मुकुंदरावांना हे मुळीच पटलं नव्हतं. वाटेत पंक्चर झालं तर ते धूड टपावरून उतरवायचं कोणी? सुरेश एकटा, आणि यांचे गुडघे हे असे. आता विश्वकर्माच आपल्या बाजूने उभा राहिला म्हणायचा. द्रोण चाटूनपुसून ते खुशीतच बालीगंजच्या घरी परतले.

"आज काही व्हायचं नाही," त्यांनी पलंगाशी बसून सांगितलं. "जाऊ दे ते चाक. आपण असं करू, तुझी उशी मागच्या दाराकडे ठेवू. म्हणजे तोंड पुढे होईल. अख्खा रस्ता दिसेल तुला. घर येताना दिसेल!"

"नको."

"अगं, पण का?"

"मला मागचीच काच हवी. चाक निघेपर्यंत मी निघणार नाही."

मुकुंदराव बघतच राहिले. या बाईने जन्मात कधी हट्ट केला नव्हता. चाळीसेक वर्षांपूर्वी नागपूरहून बदलीवर आलेला हा परका तरुण तिच्या वडिलांकडे भाडेकरू म्हणून राहिला, तिच्याशी लग्न करून याच घरात स्थिरावला, बंगाली शेजाऱ्यांनी 'घरजावई' म्हणून त्याची उभा जन्म थट्टा केली. तीही हसायची, पण कधी काही मागायची नाही. त्या थट्टेचा सल मात्र यांच्या मनात होताच. आता एकदाचं आपल्या घरी जायचं, तर ही चाकावर अडून बसलेली. ते चिडले, धुसफुसले, आणि एक दिवस थांबले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बोल्ट काढले. चाक टपावर चढलं. सुरेशने काच ओल्या फडक्याने लख्ख पुसली. चौघांनी नलिनीताईंना चादरीसकट उचलून बिछान्यावर ठेवलं आणि गाडी हलली.

मुकुंदराव ड्रायव्हरमागच्या बाकावर बसले होते, नजर रस्त्यावर. पूल सुरू झाला तशी त्यांनी सहज मान वळवली, आणि ते हबकलेच.

ती हातभर काच शहराने भरून गेली होती. खाली गंगा, इतकी रुंद की काठ सापडेना. तिच्यापलीकडे घरांवर घरं, गोदीच्या क्रेन, झाडं, घाटाच्या पायऱ्या, सगळं उन्हात न्हालेलं आणि सगळं एकाच वेळी दूर दूर जाणारं. वर शरदातलं निळंभोर आभाळ, आणि त्यात कालच्या पूजेला उडवलेले उरलेसुरले पतंग. या पुलावरून ते किती वेळा गेले असतील, पण हे एवढं मोठं, एवढं देखणं काही आपल्या पाठीशी असतं, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. ते उठले, कडेच्या दांड्याला धरत नलिनीताईंपाशी येऊन बसले.

नलिनीताईंची पापणी लवत नव्हती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

मुकुंदरावांचा जीव कासावीस झाला. "वेडी आहेस का?" त्यांनी हळूच तिचा हात हातात घेतला. "मागे काय बघत रडतेस? आपण घरी निघालोय ना?"

"तुम्ही घरी निघालात हो," काचेवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "मी आज सासरी निघालेय. सासरी जाताना कुठली मुलगी पुढे बघते?"