दंडावरचा पट्टा

गोळा फेकताना कोपर खाली आलं की तेजलच्या दंडावरचा सेन्सरचा पट्टा थरथरायचा. चूक सुधारायला सरांनीच दिला होता तो. आज तिनं वैतागून काढला आणि मातीत भिरकावला.

"ह्याच्यापायी फेकीचा जोर जातो, आप्पा. मी बंदच ठेवते. सरांनापण चालतंय."

धर्माजीनं पट्टा उचलून लेकीपुढं धरला.

"आमच्या सायबालाबी चाललं व्हतं. हात जवळ गेला की कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस आपसूक थांबायची. माल कमी निघतो म्हनून आमीच सेन्सर बंद ठिवला."

 तेजलनं उजवा दंड पुढं केला. पट्ट्याचं एक टोक तिनं डाव्या हातानं धरलं. दुसरं धर्माजीनं ओढलं, उरलेल्या एका हातानं.