फाटकाजवळची पानं

म्हाताऱ्याला एक काम धड जमेल तर शपथ. सकाळपासून खराटा हातात, आणि अंगण बघावं तर कोपरे स्वच्छ, गुलाबांची आळी स्वच्छ, आणि फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेवर वाळकी पानं जशीच्या तशी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, या घरातली बाई मेली.

ती कमरेवर हात ठेवून पायरीवर उभी राहिली. पानगळ आली की बागेत तिचं राज्य. कुठली फांदी छाटायची, कुठल्या मुळांवर थंडीसाठी पानांचं पांघरूण घालायचं, हे तिनं सांगायचं आणि नवऱ्यानं मान डोलवायची. शाळेचं तोंड तिनं जेमतेम पाहिलं होतं, पण तिनं छाटलेलं झाड पुन्हा फुटलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"अहो, ही वाटेवरची पानं काय मी येऊन उचलू?"

"राहू दे ती." गुलाबापाशी उकिडवा बसलेला तो मान वर न करता म्हणाला.

"कालही हेच, परवाही हेच. अंडी घालणारेत का ती?"

"पायाखाली वाजतात."

"वाजतात, मग?"

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करता करता त्याचे डोळे अधू झाले होते, कान मात्र शाबूत होते. खुरप्यानं माती सारखी करत तो म्हणाला, "कुणी आलं तर कळतं. फाटकापर्यंतचं दिसत नाही मला आता."

"मग घंटा काय शोभेला टांगलीय?"

"घंटा वाजवणारा वाजवतो गं. एखादा न वाजवताच परत फिरायचा. तुझ्याच वळणावर गेलेला."

कोण, हे तिनं विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी धाकटा मुलगा पिशवी घेऊन याच फाटकातून निघाला, तेव्हा 'पुन्हा या घराची पायरी चढू नकोस' असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं तीच ओरडली होती. तेव्हापासून तिच्यासमोर त्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

ती तरातरा उतरली. भिंतीशी टेकवलेला खराटा उचलून पायरीपासून झाडत सुटली. म्हाताऱ्याचा हात थांबला.

"अगं..." एवढंच तो म्हणाला.

वाट लख्ख झाली. पानं टोपलीत भरताना मात्र ती एकेक मूठ चुरून बघू लागली. ओलसर होती ती गुलाबाच्या आळ्यात टाकली. कडकडीत वाळलेली तेवढी ठेवली. मग टोपली कमरेवर घेऊन तिनं फाटकाची कडी काढली आणि बाहेर गेली.

खांबाच्या आडोशाला, जिथं आत यावं की न यावं या विचारात माणूस क्षणभर थबकेल, तिथं तिनं टोपली उपडी केली. पानं पायानं पसरली. मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही असं पाहून, त्यांच्यावर उभी राहिली आणि हळूच पाय हलवला.

"कोण?" आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. खुरपं हातात तसंच धरून तो ताडकन उठला होता. "कोण आलंय? अगं, बघ ना, कोण आलंय!"

रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. ती त्या वळणाकडे बघत राहिली.

"कुणी नाही. मी आहे."

आवाज जरा बारीक निघाला. ते तिला आवडलं नाही. तिनं घसा खाकरला, आत येऊन फाटक लावलं आणि रिकामी टोपली त्याच्या पायाशी आदळली.

"परत फिरणारा माणूस आत येऊन फिरतो होय? तो बाहेरच उभा राहणार. आणि तुम्ही पानं आत पसरून बसलात! एवढी वर्षं संसार केलात माझ्याबरोबर, पण साधी वाट बघायचीसुद्धा अक्कल नाही तुम्हाला."