उलटी ओळ ताईची

टाका पुन्हा निसटला. धाकटीने सुया सोफ्यावर आपटल्या, खिडकीशी गेली, समोरच्या घराला लागलेलं कुलूप बघितलं आणि परत येऊन सुया उचलल्या. दुपारपासून तिचं हेच चाललं होतं.

समोरचं घर ताईचं. ताई तिथे एकटीच राहायची. आता तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. हात वर जाणार नव्हता, म्हणजे डोक्यातून घालायचे सगळे स्वेटर बाद. समोरून उघडणारा स्वेटर ती घरी यायच्या आत मीच विणणार, असं धाकटीने सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

सुलट्या ओळी भराभर व्हायच्या. उलटी ओळ आली की घोडं अडायचं. लोकर डाव्या हातात धरायची आणि दर टाक्याला मनगट वळवून दोरा सुईवरून फिरवायचा, असं ताईनेच शिकवलं होतं. लग्न होऊन धाकटी समोर राहायला आली तेव्हा. त्याने मनगट ठणकायचं आणि टाके जाळीसारखे सैल पडायचे. "तुझा हातच जड गं," ताई हसायची. "आण इकडे." म्हणून धाकटी रोज संध्याकाळी विणकाम घेऊन रस्ता ओलांडायची. सुलटी ओळ हिची, उलटी ताईची. आपली ओळ आली की ताई तिला आत पिटाळायची. चहा टाक, दूध बघ, गॅलरीतले कपडे काढ. मग सासूच्या तक्रारी, नवऱ्याची नक्कल. आता संध्याकाळ झाली की धाकटीला घर खायला उठत होतं.

फोन वाजला. डावा खांदा आणि कान यांच्यात तो धरून ती विणतच राहिली. नवरा दवाखान्यातून बोलत होता. "पुढच्या आठवड्यात सोडतील म्हणतायत."

फोन पडू नये म्हणून कोपर अंगाशी घट्ट दाबलेलं. मनगट वळेना. मग नुसती तर्जनीच खाली वाकली, दोरा सुईवर बसला आणि टाका अलगद निघाला. दुसराही तसाच. तिसराही.

"अगं, ऐकतेयस ना?"

"गप्प बसा हो जरा!" ती ओरडली.

आठवडाभर तिने घरात कुणाला धड जेवायला घातलं नाही.

ताई आली. धाकटीने तिचा दुखरा हात आधी बाहीत घातला, मग दुसरा, वरची बटणं लावली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिली. ताईने डाव्या हाताने कड उलटवली. आतले टाके एकसारखे, घट्ट. त्यांवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"तर्जनी खाली वाकवून विणलंस ना?"

"तुला कसं कळलं?"

"मी तसंच विणते."

"मग मला इतकी वर्षं मनगट का वळवायला लावलंस?" धाकटीचा आवाज चढला. "वर हात जड म्हणून हसायचीस!"

ताईने मान वर केली नाही. लावलेलंच बटण उगाच चाचपत ती म्हणाली,

"नीट शिकवलं असतं, तर रोज संध्याकाळी आली असतीस?"