चार वाजताचा काढा

बाविसाव्या कुंडाची बादली डोक्यावर रिकामी झाली आणि श्यामकांत रामेश्वराच्या देवळातून निथळत बाहेर पडले. मागोमाग त्यांची बायको कुमुदिनी. टूरवाल्याकडे ठेवलेली पिशवी तिने आधी ताब्यात घेतली आणि आतली वर्तमानपत्राची पुडी चाचपून पाहिली. पुडीत एक हापूस होता. बदलापूरहून निघताना तो हिरवा होता. दोन दिवसांच्या गाडीप्रवासात त्याने आपलं काम चोख केलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या वरदला मेंदूज्वर झाला. पोरगं अडीच वर्षांचं. अंबरनाथच्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसून दोघांनी रामेश्वराला नवस बोलला. पोराला वाचव, म्हणाले, आणि त्याच्या दारी येऊन पूजा होईपर्यंत तिने आंबा सोडला, त्यांनी चहा. दिवसाला आठ कप पिणारा माणूस. ऐकून तिलाच भरून आलं होतं.

वरद वाचला. रामेश्वर मात्र लांबत गेलं. आधी कंपनीचं शटडाउन, मग वरदची दहावी, बारावी, मग करोना. दर मे महिन्यात श्यामकांत न चुकता पेटी आणत. ती बाप-लेकांना फोडी करून देई आणि हात साबणाने दोनदा धुई. रोज पहाटे उठून आलं, गवती चहा आणि गूळ उकळून त्यांचा थर्मास भरी. पत्ती नाही. चार वाजता चहाच्या माणसाचा जीव कासावीस होतो, हे तिला ठाऊक होतं.

एकदाच घात झाला. नवस बोलून महिना होतो न होतो, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका बारशाला तिने बर्फी तोंडात टाकली आणि ती आंब्याची निघाली. तिने थुंकून टाकली, पण थोडी पोटात गेलीच. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, तापाने मुलाचा डावा कान गेलाय. बर्फीचं तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून कैरीचं लोणचंही बंद केलं.

देवळाबाहेर उन्मेष कागदी कप घेऊन समोर आला. कंपनीत तो श्यामकांतांच्या हाताखाली होता. टूरमध्येही साहेबांची सेवा सोडली नव्हती.

"साहेब, आलं ज्यादा, साखर कम. आपला चार वाजताचा."

कुमुदिनीने हसत कप परत केला. पूजा झाली की पितील, म्हणाली. सव्वीस वर्षं घोटभर घेतलेला नाही यांनी.

उन्मेषला वाटलं, वहिनी खेचतायत. साहेब आल्याशिवाय चारची किटली उघडायची कुणाची टाप नव्हती, असं तो कौतुकाने सांगू लागला. आणि वहिनींचा काढा? तो बबन शिपाई केबिनबाहेरच्या गुलाबाला घालायचा. गुलाब असा फोफावला, की सेफ्टी वीकमध्ये साहेबांच्या कुंडीला पहिलं बक्षीस मिळालं. श्यामकांत डोळ्यांनी खुणा करत होते. पण उन्मेष सगळं वहिनींना सांगत होता.

ते बक्षीस घरी शोकेसमध्ये होतं. दर दिवाळीला तीच पुसायची.

"अगं, चहाच तो," श्यामकांत म्हणाले. "आणि वरद वाचला ना शेवटी?"

रामेश्वर सव्वीस वर्षं का लांबलं, ते तिला कळलं. ज्याचं काही अडलंच नव्हतं, त्याला घाई कसली?

पूजा देवळामागच्या गल्लीत, गुरुजींच्या घरी होती. गुरुजींचे पूर्वज महाराष्ट्रातले. त्यांची मराठी तमिळ वळणं घेत का होईना, पण चालत होती. कोरड्या कपड्यांत दोघं पाटावर बसली. ताम्हणाशेजारी हापूस ठेवला होता. नवस फिटला की बाईंनी तो इथेच खायचा, असं ठरलं होतं. मागे टूरची माणसं गोळा झाली होती.

"यजमान, हातात पाणी घ्या," गुरुजी म्हणाले. "बाई, तुम्ही यांच्या हाताला हात लावा. म्हणजे अर्धं पुण्य तुमचं."

श्यामकांतांनी ओंजळीत पाणी घेतलं. कुमुदिनीचे हात मांडीवरच राहिले.

"लाव ना," ते पुटपुटले. "लोक बघतायत."

तिने आंबा उचलून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

"गुरुजी, पापाचीही अशी वाटणी होते का?" ती म्हणाली. "पोराच्या एका कानाचं पाप मी सव्वीस वर्षं एकटीच वाहतेय."