आबांचे गुण

प्रमिलाबाईंनी नवऱ्याचा मोबाइल पदराआड घेतला. चित्र बघून मसाल्याचं नाव सांगायचं, असा त्यात स्मरणशक्तीचा खेळ होता. विसरायला लागलेल्या आबांसाठी मुलाने तो घालून दिला होता आणि गुण त्याला बंगळुरात रोज दिसत. आबा निम्मी नावं चुकत. मुलाच्या जिवाला घोर नको, म्हणून त्यांच्या वाटचं प्रमिलाबाईच गुपचूप खेळत.

तेवढ्यात मुलाचाच फोन आला. "आई, महिनाभर आबांचे गुण घसरतायत. डॉक्टरांना दाखवू या."

महिनाभर तर प्रमिलाबाईच खेळत होत्या.

फोन ठेवून त्यांनी खेळ उघडला. काळे पापुद्रे दिसले. दर उन्हाळ्यात मसाल्यासाठी त्या ते परतायच्या. नाव काही ओठांवर येईना.

"दगडफूल," मागून आबा म्हणाले.